‘लग्न कधी करणार?’ : औषध कारखान्यांतल्या मुलाखतींचा इतिहास



औषध उद्योगाचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर शास्त्रज्ञ येतात, कंपन्यांचे संस्थापक येतात, पेटंटचे कायदे आणि औषधांच्या किमती येतात. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण प्रत्येक कारखान्याच्या दाराशी एक खोली असते आणि त्या खोलीबाहेर एक बाकडं असतं. त्या बाकड्यावर हातात फाइल धरून बसलेल्या उमेदवाराचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आज आपण तो लिहिता येतो का, हे पाहणार आहोत. प्रदेश मुख्यतः मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातला, आणि काळ साधारण १९५० पासून आजपर्यंतचा.

सुरुवातीलाच एक अडचण आहे, ती मान्य करून पुढे जाऊ. इतिहासाला कागद लागतो. कंपनीचा वार्षिक अहवाल असतो, हजेरीपट असतो, युनियनशी झालेले करार असतात. मुलाखतीचं काय उरतं? फार तर निवड झालेल्याचं नेमणूकपत्र. आत काय विचारलं, उमेदवार काय बोलला, कोणत्या उत्तराला समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, यातलं काहीही कागदावर येत नाही. आणि ज्याला नाकारलं त्याचा तर अर्जसुद्धा टोपलीत जातो. मग शोधायचं कुठे?

एक जागा आहे, ती म्हणजे न्यायालय. तोंडी झालेला व्यवहार वादात सापडला की तो कागदावर उतरतो. म्हणून आज आपण काही निकालपत्रांच्या आधारानं त्या बंद खोलीत डोकावणार आहोत.

आधी कारखाना समजून घेऊ

मुंबईत औषधांचं काम जुनं. प्लेगच्या साथीनंतर डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळला आली. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्लाची स्थापना केली. स्वातंत्र्यानंतर परदेशी कंपन्यांचे कारखाने वाढले. वरळीला ग्लॅक्सो, भांडुपला मे अँड बेकर, मुलुंडला होक्स्ट, साकीनाक्याला पार्क डेव्हिस, ठाण्यात कोलशेतला सँडोज. तिकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीच्या काळात अनेक परदेशी कंपन्या मूळ औषध बाहेरून आणत. इथे त्याच्या गोळ्या पाडायच्या, द्रव औषध बाटल्यांत भरायचं, लेबल लावायचं, खोक्यात घालायचं. म्हणजे माणसं सगळ्यात जास्त लागत ती भरण्याच्या आणि पॅकिंगच्या खात्यात. हे काम डोळ्यांचं आणि बोटांचं. इंजेक्शनची कुपी उजेडासमोर धरायची, आत काचेचा कण किंवा तंतू तरंगतो आहे का ते पाहायचं, लेबल तिरकं नाही ना ते बघायचं, पट्ट्यावरून माल पुढे सरकायच्या आत आपला भाग उरकायचा. या कामाला मालकांनी बायका घेतल्या. कारण सांगत ते नेहमीचंच: बायकांची बोटं चपळ, नजर बारीक, स्वभाव शांत. हे कौतुक पुरुषांच्या वाट्याला कधी आलं नाही आणि पुरुषांचा पगार बायकांच्या वाट्याला आला नाही, हा भाग वेगळा.

तरीही ही नोकरी मोठी होती. डोक्यावर टोपी, अंगात स्वच्छ एप्रन, कँटीन, प्रॉव्हिडंट फंड, वर्षाला बोनस. गिरण्यांमधून बायकांची संख्या घटत चालली होती त्याच काळात मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मुलीला उपलब्ध असलेली ही चांगल्यातली चांगली कारखान्याची नोकरी. धाकट्या भावाची फी, वडिलांचं औषधपाणी, घरचं भाडं हे सगळं त्या पाकिटावर चालायचं. म्हणून त्या बाकड्यावर बसलेल्या मुलीच्या पोटात गोळा यायचा तो काही उगाच नाही.

एक नियम आणि त्याची वकिली

आत गेल्यावर तिला काय विचारत? शिक्षण, वय, राहायला कुठे, घरी कोण कोण. आणि मग: लग्न झालंय का?

हा प्रश्न चौकशीचा नव्हता. त्यामागे एक नियम होता. मुंबईतल्या इंटरनॅशनल फ्रँचायझेस या कंपनीच्या एका खात्यात तो असा होता की, कामगार स्त्रीनं लग्न केलं की तिची नोकरी आपोआप संपली. नोटीस नाही, चौकशी नाही. अक्षता पडल्या की नाव हजेरीपटावरून गेलं. बॉम्बे लेबर युनियननं हा नियम रद्द करा अशी मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणानं ती फेटाळली. असाच नियम या भागातल्या इतर औषधी कारखान्यांमध्येही आहे, हा मुद्दा तिथे पुढे आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली निकाल लागला.

कंपनीचं म्हणणं काय होतं ते नीट ऐका, कारण ते आजही ऐकू येतं. कंपनी म्हणाली, या खात्यात बायका गटानं काम करतात. एक गैरहजर राहिली की सगळ्या गटाचं काम अडतं. लग्न झालेल्या बायकांची गैरहजेरी जास्त असते. म्हणून अविवाहितच हव्यात.

न्यायालयानं हा युक्तिवाद एकेक धागा काढून उसवला. गटानं करायचं काम विवाहित स्त्रीला जमत नाही, असं म्हणायला आधार काय? लग्न झालेली स्त्री जास्त गैरहजर राहतेच, हे कशावरून? मुलांमुळे म्हणत असाल तर मुलं असलेल्या विधवेचंही तेच होणार, आणि विधवांना तर तुमच्या नियमात मज्जाव नाही. फरक उरला तो बाळंतपणाच्या रजेचा. त्यासाठी चार जास्तीच्या बायका राखीव ठेवा, काम होतं. इतक्या लहानशा गोष्टीसाठी माणसाची कायमची नोकरी घालवता येत नाही. नियम रद्द झाला.

या खटल्यातला आणखी एक तपशील मोठा बोलका आहे. कंपनीनं आपल्या बाजूनं भारत सरकारचाच दाखला दिला होता. भारतीय प्रशासकीय सेवेच्या १९५४ च्या भरती नियमांत विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नाही आणि लग्नानंतर सरकार तिला राजीनामा द्यायला सांगू शकतं, अशी तरतूद होती. म्हणजे कंपनी म्हणत होती, सरकार करतं तेच आम्ही करतो. न्यायालयानं उत्तर दिलं की सरकारचा नियम सरसकट नाही, कामाच्या कार्यक्षमतेवर परिणाम होत असेल तरच तो वापरायचा आहे. तुमचा नियम मात्र सगळ्यांना एकाच फटक्यात घरी पाठवतो. कंपनी हरली. पण सरकारचा नियम जागेवरच राहिला, हेही आपण नोंदवून ठेवू.

आता थोडं थांबून त्या मुलीच्या बाजूनं विचार करू. हा नियम मुलाखतीच्या दिवशीच तिच्या आयुष्याचं वेळापत्रक ठरवत होता. तिच्यापुढे वाटा दोनच: लग्न पुढे ढकल, नाहीतर नोकरी सोड. घर तिच्या पगारावर चालत असेल तर पहिली वाट, आणि मग तिचं वय वाढत गेलं की बोलणी तिनंच खायची. तिसरी वाट म्हणजे लपवणं. गळ्यातलं काढून कामावर जायचं आणि कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून मान खाली घालून यायचं. ज्या समाजात मुलीचं लग्न हाच घरचा सगळ्यात मोठा सोहळा, तिथे पगारासाठी तोच सोहळा चोरून करायला लावणारा हा नियम होता.

जिंकल्यावर काय झालं?

मग १९६५ नंतर सगळं सुरळीत झालं का? इथे आपल्या विषयाचा गाभा आहे.

नियम गेला. कामावर असलेल्या बायका लग्न करून कामावर राहू लागल्या, त्यांना बाळंतपणाची रजा मिळू लागली. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होताच, आता तो उपयोगी पडू लागला. संघटनेनं मिळवलेलं हे फार मोठं यश होतं आणि त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. पण पुढच्या काही दशकांत मुंबईतल्या औषध कारखान्यांचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांना एक विचित्र चित्र दिसलं. पॅकिंगमधल्या बायका वयानं वाढत होत्या, निवृत्तीकडे चालल्या होत्या, आणि त्यांच्या मागे नव्या मुली येत नव्हत्या. स्त्रियांची नवी कायम भरती आटत गेली होती. यंत्रं आली, काम बाहेरच्या लहान कारखान्यांत गेलं, कंत्राटी पद्धत वाढली. ही कारणं होतीच. पण जी स्त्री आता लग्नानंतरही टिकणार, रजा मागणार, पाळणाघर मागणार, तिला मुळात आतच कशाला घ्या, हा हिशेबही त्यात होता.

म्हणजे बघा, कायद्यानं नोकरीतून काढण्याचं दार बंद केलं, तेव्हा मालकांनी नोकरीत घेण्याचं दार अरुंद केलं. काढून टाकलेली स्त्री युनियनकडे जाऊ शकते, तिच्या हातात पत्र असतं. न घेतलेली स्त्री कुठे जाणार? तिच्या हातात काहीच नसतं. ‘कळवतो’ एवढं ऐकून ती घरी येते. नियम लेखी असतो, म्हणून तो न्यायालयात उभा करता येतो. प्रश्न तोंडी असतो, तो उच्चारला की हवेत विरतो.

सरकारनं भरतीला शिस्त लावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९५९ च्या कायद्यानं सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणं बंधनकारक केलं. पण त्याच कायद्यात असंही होतं की केंद्राकडून आलेल्यांनाच घेतलं पाहिजे असं बंधन नाही. जागा कळवा, निवड तुमची तुम्ही करा. म्हणजे कायदा मुलाखतीच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे १९७६ च्या समान वेतन कायद्यानं त्याच कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करू नका असं सांगितलं. सांगितलं खरं, पण तो झाला हे सिद्ध कसं करायचं?

खोलीतला आवाज कागदावर येतो

औषध कारखान्याच्या मुलाखतीत नेमकं काय बोललं गेलं, याचा पुरावा आपल्याकडे तुटपुंजा आहे. म्हणून दोन उदाहरणं या उद्योगाबाहेरची घेऊ. प्रश्न तोच आहे, फक्त तो इथे न्यायालयाच्या कागदांत सापडतो.

पहिलं उदाहरण सी. बी. मुथम्मा यांचं, भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी. बढती नाकारली म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालपत्रात त्यांची तक्रार नोंदलेली आहे. परीक्षेत उत्तीर्ण होऊन त्या मुलाखतीला गेल्या तेव्हा लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनीच त्यांना परराष्ट्र सेवेत जाऊ नका म्हणून समजावण्याचा प्रयत्न केला. पुढे लग्न केलं तर राजीनामा देईन, असं त्यांच्याकडून लिहूनही घेतलं होतं. मुलाखतीनंतर जवळपास तीस वर्षांनी त्या खोलीतलं बोलणं कागदावर आलं. तेही मुथम्मा त्या पदापर्यंत पोचल्या म्हणून, आणि विसरल्या नाहीत म्हणून.

दुसरं उदाहरण आयुर्विमा महामंडळाचं. १९८९ साली एक तरुणी लेखी परीक्षा आणि मुलाखत दोन्ही उत्तीर्ण झाली. मग तिच्यापुढे एक छापील फॉर्म आला. मासिक पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, आजवर किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का, असे रकाने. ती प्रोबेशनवर रुजू झाली. जानेवारी १९९० मध्ये बाळंत झाली आणि फेब्रुवारीत तिला काढून टाकलं. कारण काय, तर फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला पुन्हा कामावर घ्यायला लावलं, आणि असे रकाने स्त्रीच्या शालीनतेला आणि प्रतिष्ठेला धरून नाहीत, ते काढून टाका, असंही सुनावलं. हा विजय शक्य झाला कारण इथे प्रश्न छापील होता. हेच प्रश्न कोणी टेबलापलीकडून हसत हसत विचारले असते, तर?

टाय बांधलेला उमेदवार

आता पुन्हा औषध उद्योगाकडे येऊ, पण कारखान्यातून बाहेर, रस्त्यावर. मुलाखतीच्या खोलीनं पुरुषांचंही बरंच काही ठरवलं. एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, या नोकरीनं आपल्याकडच्या हजारो बीएस्सी झालेल्या मुलांना आधार दिला. सातारा, जळगाव, लातूर, रत्नागिरी इथून मुलं मुंबई-पुण्याला मुलाखतीला येत. आयुष्यात पहिल्यांदा टाय बांधलेला, तोही मित्राकडून उसना. बुटाला पॉलिश. खिशात परतीच्या एसटीपुरते पैसे.

तिथे रसायनशास्त्र कमीच विचारत. ‘हे पेन मला विकून दाखव,’ म्हणत. ‘टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ’ म्हणत, आणि मराठी शाळेतून आलेला मुलगा तिथेच अडखळायचा. काही ठिकाणी एक दिवस मॅनेजरबरोबर फिरायला नेत. डॉक्टरच्या दारात दोन तास ताटकळत उभा राहतो का, आत गेल्यावर एका मिनिटात औषधाचं नाव डॉक्टरच्या डोक्यात बसवतो का, हे पाहायचं. हीच खरी मुलाखत.

पण या मुलाला एक गोष्ट कोणी सांगत नव्हतं. या नोकरीत शिरताना तो कामगार कायद्याच्या बाहेर जात होता. मे अँड बेकर कंपनीच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की असा प्रतिनिधी अंगमेहनतीचंही काम करत नाही आणि कारकुनीचंही नाही, म्हणून कायद्याच्या अर्थानं तो ‘कामगार’ नाही. म्हणजे काढून टाकलं तर कामगार न्यायालयाचं दार बंद. टायची किंमत ही अशी होती. १९६३ साली या प्रतिनिधींची देशव्यापी संघटना उभी राहिली, आणि तिच्या रेट्यानं १९७६ साली विक्रीसंवर्धन कर्मचाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. सुरुवातीला त्यात पगाराची मर्यादा होती, १९८६ च्या दुरुस्तीनं ती निघाली. पॅकिंगच्या खात्यातली मुलगी आणि टाय बांधलेला हा मुलगा एकमेकांना कधी भेटले नसतील. पण दोघांनाही आत शिरताना काय सोडून द्यायचं, हे समोरच्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

आजची वॉक-इन

आता आजचं बघू. १९७० च्या पेटंट कायद्यानंतर भारतीय कंपन्या वाढल्या, नव्वदीनंतर निर्यात वाढली. कारखाने मुंबईतून तारापूर, महाड, कुरकुंभ, औरंगाबाद, गोवा असे पसरले. रविवारी ‘वॉक-इन’ असतो. सकाळी आठपासून रांग. बी.फार्म., एम.एस्सी. झालेली मुलं, हातात मार्कशीटच्या झेरॉक्स आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. प्रश्न आता तांत्रिक आहेत: एचपीएलसीवर शिखर दुभंगलं तर काय कराल, बॅचमध्ये चूक सापडली तर आधी कोणाला सांगाल, नोंद मागच्या तारखेनं करायला वरिष्ठानं सांगितलं तर? उत्पादनावर किंवा तपासणीवर देखरेख करणाऱ्याला तर अन्न आणि औषध प्रशासनाची मान्यताही लागते. तिथल्या अधिकाऱ्यांपुढे बसायचं म्हणजे उमेदवाराची दुसरी मुलाखतच.

ही प्रगती खरी आहे. ज्ञानाला किंमत आली, आडनावाला आणि टायला थोडी कमी झाली. रुग्णाच्या दृष्टीनंही हे बरंच आहे. पण तांत्रिक प्रश्न संपले की खुर्ची जरा मागे सरकते, आवाज मऊ होतो, आणि समोर मुलगी असेल तर जुना प्रश्न नवे कपडे घालून येतो. ‘पुढचे प्लॅन काय?’ ‘मिस्टर कुठे असतात?’ ‘बाळ लहान आहे, मग सांभाळायला कोण?’ ‘तिसऱ्या पाळीला जमेल ना?’ रात्रपाळीला स्त्रियांना पूर्वी कायद्यानंच मनाई होती. महाराष्ट्रानं २०१५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर ती उठवली. त्यामुळे पाळीचा प्रश्न विचारणं योग्यच आहे, पण मग तो शेजारच्या खुर्चीवरच्या मुलालाही विचारा. ‘बाळाला सांभाळायला कोण?’ हा प्रश्न बाळाच्या बापाला मुलाखतीत कधी विचारला गेलाय का?

२०१९ च्या वेतन संहितेनंही भरतीत लिंगावरून भेद करायला मनाई केली आहे. कायदा पुन्हा तिथेच, उंबरठ्यावर उभा आहे.

तर मंडळी, १९६५ चा निकाल आपण विजय म्हणून शिकवतो, आणि तसाच शिकवला पाहिजे. पण त्याच्यापुढचं एक वाक्य आपण शिकवत नाही: नियम मेला की तो प्रश्न होऊन जिवंत राहतो. नियमाचा इतिहास न्यायालयाच्या दप्तरात सापडतो. प्रश्नाचा इतिहास फक्त ज्यांना तो विचारला गेला त्यांच्याजवळ असतो, आणि त्या पॅकिंगच्या खात्यातल्या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच जणी आज ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून दोन कामं करता येतील. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत औषध कंपनीतून निवृत्त झालेली मावशी, आत्या, शेजारीण असेल, तर तिला विचारा: तुला आत काय विचारलं होतं? उत्तर तिच्या शब्दांत लिहून घ्या, साल आणि खातं लिहा. आणि इथे बसलेल्या तरुण मुलामुलींनो, तुम्ही मुलाखतीहून याल, तेव्हा निकाल काहीही लागो, त्याच संध्याकाळी सगळे प्रश्न वहीत उतरवून काढा. तारीख घाला, कोण विचारत होतं त्याचं पद लिहा. नोकरी मिळाली तरी लिहा, नाही मिळाली तर नक्कीच लिहा. खोलीत तुमच्याकडून सगळं लिहून घेतात. बाहेर आल्यावर तुम्हीही लिहा.